प्रसूतिपूर्व संमोहन-वर्ग : सामूहिक की खाजगी?



बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात आदर आहे, तशीच भीतीही आहे. गरोदर स्त्रीच्या कानांवर नऊ महिने जे पडत असते, त्यात शेजारणीच्या अडलेल्या बाळंतपणाची हकिकत असते, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी सोसलेल्या वेणांचे वर्णन असते. परंतु प्रसूतीच्या वेळी शरीरात नेमके काय घडते आणि त्या वेळी स्त्रीने काय करावे, हे शांतपणे समजावून सांगणारे माणूस क्वचितच भेटते. ही उणीव भरून काढण्यासाठी शहरांतून प्रसूतिपूर्व वर्ग चालविले जातात. त्यांपैकी काही वर्ग संमोहनाच्या तंत्रावर आधारलेले असतात. असा वर्ग इतर गरोदर स्त्रियांच्या समवेत करावा, की शिक्षिकेकडून एकटीने शिकून घ्यावा, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. खाजगी शिकवणीची फी साहजिकच अधिक असते. फी अधिक म्हणजे गुणही अधिक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती समजूत या बाबतीत कितपत खरी आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

संमोहन म्हणजे जादू नव्हे

संमोहन हा शब्द उच्चारताच रंगमंचावरील जादूगार आणि त्याच्या हुकमाबरोबर झोपी जाणारा प्रेक्षक डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रसूतिपूर्व वर्गात असे काही घडत नाही. तेथे शिकविले जाते ते स्वसंमोहन. त्या अवस्थेत स्त्री जागी असते, तिला बोलणे ऐकू येते आणि वाटेल तेव्हा ती डोळे उघडून उठू शकते. भजनात रंगलेल्या माणसाला पायाला डास चावल्याचे भान राहात नाही, तद्वत एके ठिकाणी एकाग्र झालेले मन इतर संवेदनांकडे कमी लक्ष देते. हा सर्वांच्या अनुभवाचा भाग येथे पद्धतशीरपणे उपयोगात आणला जातो. श्वास सावकाश सोडणे, अंगाचा एकेक भाग सैल करणे, एखादे शांत स्थळ मनासमोर आणणे आणि ठरावीक वाक्ये पुनःपुन्हा ऐकून मनाला त्यांची सवय लावणे, अशी त्याची साधी अंगे आहेत. ही सवय रोजच्या अभ्यासानेच जडते.

यामागील विचार ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली आपल्या पुस्तकात मांडला. भीतीमुळे अंग आखडते, आखडलेल्या अंगाला कळा अधिक जाणवतात आणि वाढत्या कळांनी भीती आणखी वाढते, असे ते चक्र आहे. हे चक्र भीतीच्या ठिकाणी तोडावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९८९ साली अमेरिकेत मेरी मोंगन यांनी याच विचाराला स्वसंमोहनाची जोड देऊन वर्गांची एक पद्धत बसविली आणि ती अनेक देशांत पसरली.

जुन्या प्रश्नाचे जुने उत्तर

सामूहिक की खाजगी, हा प्रश्न नवा वाटला तरी शंभर वर्षांपूर्वीच तो एका देशापुढे उभा राहिला होता. सोव्हिएत रशियात १९२० नंतरच्या काळात प्लातोनोव्ह प्रभृती डॉक्टरांनी प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी संमोहनाचा प्रयोग केला. काही स्त्रियांना त्याचा चांगला गुण आला. परंतु एकेका स्त्रीसाठी प्रशिक्षित डॉक्टरने पुष्कळ वेळ द्यावा लागे. लाखो स्त्रियांपर्यंत ही सोय पोहोचविणे अशक्य होते. तेव्हा खारकोव्ह येथील वेल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ च्या सुमारास निराळा मार्ग धरला. त्यांनी संमोहन बाजूला ठेवले आणि गरोदर स्त्रियांना एकत्र बसवून शरीराची माहिती, श्वासाचे नियमन आणि धीराचे शिक्षण देणारे वर्ग सुरू केले. १९५१ साली तेथील शासनाने ही पद्धत देशभर लागू केली. त्याच वर्षी फर्नांद लामाझ हे फ्रेंच डॉक्टर ती पाहून आले, आणि पुढील वर्षी पॅरिसमधील धातुकामगारांच्या प्रसूतिगृहात तिचा उपयोग होऊ लागला. एका स्त्रीपुरते मर्यादित राहिलेले साधन अनेकींच्या हाती देण्यासाठी सामूहिक वर्ग जन्माला आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

गुण किती, मर्यादा कोणत्या?

वर्ग निवडण्यापूर्वी त्यापासून काय मिळेल, हे स्पष्ट असलेले बरे. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणी असलेल्या १,२२२ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींना प्रत्येकी एक तासाच्या तीन पाठांतून स्वसंमोहन शिकविण्यात आले, काहींना केवळ अंग सैल करण्याच्या क्रिया शिकविण्यात आल्या, तर उरलेल्यांना नेहमीची सेवा देण्यात आली. कण्याजवळ दिल्या जाणाऱ्या एपिड्यूरल या वेदनाशामक इंजेक्शनाची गरज तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच, म्हणजे शेकडा तीसच्या आसपास, भासली. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींचा असाच अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे दीड-दीड तासाचे दोन सामूहिक वर्ग आणि घरी रोज ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण, एवढीच योजना होती. एपिड्यूरल घेणाऱ्यांचे प्रमाण शिकलेल्यांत शेकडा २७.९ आणि इतरांत ३०.३ आले. हा फरक नगण्य होय. मात्र शिकलेल्या स्त्रियांना प्रसूतीविषयी जेवढी भीती व चिंता वाटेल असे आधी वाटत होते, त्याहून ती प्रत्यक्षात कमी वाटली. एकूण २,९५४ स्त्रियांचा समावेश असलेल्या नऊ अभ्यासांचा आढावा २०१६ साली घेण्यात आला. संमोहनामुळे वेदनाशामक औषधांचा एकूण वापर काहीसा कमी होऊ शकतो, पण एपिड्यूरलचा वापर कमी होत असल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

याचा अर्थ सरळ आहे. हा वर्ग भीती हलकी करू शकतो. वेदना नाहीशी करण्याची हमी तो देऊ शकत नाही. तशी हमी कोणी देत असेल, तर तो वर्ग सामूहिक असो वा खाजगी, त्यापासून दूर राहणे शहाणपणाचे ठरेल. आणि महागड्या खाजगी शिकवणीने अधिक गुण येतो, असे मानण्यास या अभ्यासांत कोठेही आधार मिळत नाही.

सामूहिक वर्ग कोणासाठी?

ज्या स्त्रीची प्रकृती ठीक आहे, गरोदरपणात काही गुंतागुंत नाही आणि जिला सर्वसामान्य धाकधूक वाटते, तिच्यासाठी सामूहिक वर्ग पुरेसा आहे. नव्हे, अनेक दृष्टींनी तोच अधिक हितकर आहे. आपल्याला वाटते तेच शेजारी बसलेल्या चौघींना वाटते, हे कळले की निम्मी भीती ओसरते. एखादीच्या मनात असलेला पण संकोचाने ओठांवर न येणारा प्रश्न दुसरी विचारून मोकळी होते. पौष महिन्यात मांडावर धालो खेळण्यास जमणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांना समूहाचे हे बळ वेगळे समजावून सांगावयास नको. बाळंतपणानंतरही या ओळखी टिकतात आणि अंगावरचे दूध, बाळाचे रडणे, रात्रीची जाग्रणे अशा प्रसंगी उपयोगी पडतात.

सामूहिक वर्गाला उणिवाही आहेत. वीस-पंचवीस जणींची गर्दी असेल, तर शिक्षिकेचे लक्ष प्रत्येकीकडे पुरत नाही. एखादी स्त्री आपल्या कष्टी बाळंतपणाची कहाणी सांगू लागली आणि शिक्षिकेने ती हलकेच आवरली नाही, तर धीर देण्यासाठी भरलेला वर्ग भीती वाटणारा होतो. म्हणून वर्ग लहान असावा आणि शिक्षिका जाणती असावी.

खाजगी शिकवणी कोणासाठी?

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. जिचे पहिले मूल दगावले आहे, जिचे आधीचे बाळंतपण जिवावर बेतले होते, किंवा जिच्यावर कधी अत्याचार झाला आहे, अशा स्त्रीला चारचौघींत डोळे मिटून बसणेसुद्धा जड जाते. डोळे मिटताच जुने दुःख वर येऊ शकते. अशा स्त्रीसाठी एकांतातील शिकवणी ही चैन नसून गरज आहे. डॉक्टरांनी अंथरुणावर विश्रांती सांगितलेल्या, किंवा पाळीच्या कामामुळे ठरावीक वेळी वर्गाला येऊ न शकणाऱ्या स्त्रीलाही ती सोयीची असते. मात्र जिला पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला असेल, तिने मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याखेरीज कोणत्याही प्रकारच्या संमोहनाच्या वाटेस जाऊ नये. मनावरचा ताण असह्य होत असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक उपलब्ध आहे.

पुष्कळ कुटुंबांना मधला मार्गही पत्करता येईल. आधी सामूहिक वर्ग करावा, आणि एखादी खास भीती उरलीच, तर तेवढ्यापुरती शिक्षिकेची एकटीने भेट घ्यावी. यात खर्चही बेताचा राहतो.

वर्ग कोणताही असो, एका गोष्टीकडे अवश्य पाहावे. ती म्हणजे भाषा. संमोहनाचे सारे काम शब्दांनी चालते. कळा सुरू झाल्यावर स्त्रीच्या तोंडी इंग्रजी वाक्य येत नाही. तिला आईची भाषा आठवते. घरात मराठी वा कोंकणी बोलणाऱ्या स्त्रीला परभाषेतील महागड्या शिकवणीपेक्षा आपल्या बोलीतील साधा वर्ग अधिक मानवेल. त्याचबरोबर प्रसूतीच्या वेळी जी व्यक्ती जवळ राहणार असेल, मग ती आई असो, सासू असो वा बहीण, तिनेही वर्गास यावे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मान्यता दिली आहे. जी शिकलेली नाही अशी सोबतीण घाबरली, तर स्त्रीने शिकलेले सारे फुकट जाते.

वर्गात नाव घालण्यापूर्वी शिक्षिकेला काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. तिने परिचारिकेचे, सुईणपणाचे वा वैद्यकाचे शिक्षण घेतले आहे काय? वर्गाच्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली तर काय करावे, हे ती शिकविते काय? एका वर्गात किती जणी असतात? आणि गरोदर स्त्रीने तपासणी व औषधे चालूच ठेवावीत, असे ती स्वतःहून सांगते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही.

सर्वांत मोठा धोका

कारण या विषयातील खरा धोका फी वाया जाण्याचा नाही. आपण शांत राहिलो की सारे सुरळीत होईल, या भरवशावर रुग्णालयात जाण्यास उशीर होणे, हा खरा धोका आहे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास श्वासाचे व्यायाम करीत घरी बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या तक्रारी मनाच्या एकाग्रतेने बऱ्या होत नाहीत.

दुसरा धोका मनाचा आहे. वर्ग केलेल्या स्त्रीला वेदना असह्य झाल्या, तिने इंजेक्शन मागितले किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर आपण कोठे तरी कमी पडलो, असे तिला वाटू लागते. घरच्यांनी तर तसे चुकूनही बोलू नये. बाळंतपण ही परीक्षा नव्हे आणि औषध घेणे म्हणजे नापास होणे नव्हे.

सामूहिक वर्गासाठी शहरातच जावे लागते, असेही नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी स्त्रिया एकत्र जमतातच. तपासणीची वाट पाहण्याच्या वेळात परिचारिकेने श्वासाचे नियमन आणि अंग सैल करण्याच्या क्रिया शिकविल्या, तर एक उत्तम वर्ग विनाखर्च उभा राहील. महिला मंडळांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा, शिक्षकांनी सुटीच्या दिवशी शाळेची खोली मोकळी करून द्यावी, अंगणवाडी सेविकांनी घरोघर निरोप पोहोचवावा आणि अधिकाऱ्यांनी या कामास पाठबळ द्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील प्रसूती २०११ पासून विनामूल्य आहे. तेथे येणाऱ्या स्त्रीचे मन निर्भय असावे, यासाठी लागते ते थोडे ज्ञान, थोडा सराव आणि आपल्या माणसांची सोबत. एवढे सामर्थ्य आपल्या प्रत्येक गावात आहे.