विंचवाचे बिऱ्हाड आणि परमुलुखातील कारखाना



युरोपचा प्रवास करून आलेल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहिले की राजवाडे आणि चित्रशाळा यांचे वर्णन करावे, असा प्रघात आहे. आम्ही आज आपल्याला मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात नेणार आहोत. त्याला इलाज नाही. आमच्या प्रवासाचे पाच दिवस तेथेच गेले.

आमचे जावई जर्मनीत असतात. त्यांच्याजवळ ज्याला मोटारहोम म्हणतात तसले वाहन आहे. निजण्याचे बाक, शेगडी, न्हाणी, सगळे आत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, अगदी तसे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता, लेक, जावई आणि दोन नातवंडे असे सहाजण त्यात बसून व्हेनिसच्या दिशेने निघालो.

वाटेत ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनरचा घाट लागला. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरांचा असून त्यावर ३६ अवघड वळणे आहेत. होखटोर नावाच्या २,५०४ मीटर उंचीच्या खिंडीतून पलीकडे उतरायचे. आमचे घर सुमारे साडेतीन हजार किलोचे. त्यातच जावयांनी टाकीत शंभर लिटर पाणी, म्हणजे शंभर किलो ओझे, भरून घेतलेले. उतारावर त्यांचा पाय सारखा ब्रेकवर होता. आपल्याकडील ट्रकड्रायव्हर सांगतात की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. हे आम्हाला ठाऊक होते. पण जावयाला शिकवायचे कसे, म्हणून गप्प बसलो. हायलिगेनब्लूट गाव खाली दिसू लागले आणि जळका वास आला. पुढच्याच वळणावर ब्रेकचा पाय थेट तळाला टेकला!

गिअर खाली आणून आणि हातब्रेक ओढून जावयांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. पिवळी जाकिटे चढवली, मागे त्रिकोण ठेवला. अर्ध्या तासाने ब्रेक दाबून पाहिला, तर पुन्हा घट्ट! जावई म्हणाले, “बाबा, आता ठीक आहे. हळूहळू जाऊ.” आम्हीही मान डोलावली. तेव्हा आमच्या सौभाग्यवती मुलांचे हात धरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला जायचे तर जा. मुले या गाडीत बसणार नाहीत.”

श्रोतेहो, त्या बरोबर होत्या. ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, जोर पुढे पोचवीत नाही. निवल्यावर वाफ विरते आणि ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो. माणूस फसतो तो येथेच.

खेचगाडीने आम्हाला लिएंत्स या गावी एका कारखान्याच्या आवारात आणून सोडले. दिवस शनिवार, १३ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी रविवार आणि सोमवारी, १५ ऑगस्टला, तेथे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सार्वजनिक सुटी! मालकाने विजेची तार जोडून दिली आणि आम्ही तेथेच संसार मांडला. सोमवारी नातवंडांनी कागदी तिरंगा करून खिडकीला लावला. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तो दिवस आम्ही जुन्या टायरांच्या राशीशेजारी, खिचडी खाऊन साजरा केला.

मंगळवारी नवेच संकट. कारखान्याचे दार आमच्या घरापेक्षा वीतभर बुटके! मालकानेच जवळच्या मालट्रकांच्या कारखान्यात धाडले. तेथे दार उंच आणि गाडी उचलण्याचे यंत्रही भक्कम. परंतु सुटा भाग आला तो चुकीचा. कारण आम्ही नाव सांगितले ते घर बांधणाऱ्याचे. खालचा सांगाडा फियाट डुकाटोचा, आणि त्यातही हलक्या व जड सांगाड्यांचे ब्रेक वेगळे. सतरा अक्षरांचा चॅसीचा क्रमांक दिला तेव्हा कोठे योग्य तबकड्या आल्या.

मिस्त्री पन्नाशीचा, अबोल. शनिवारी म्युनिकहून आमचे विमान होते. आम्ही लेकीकरवी विचारले, “नुसते तेल बदलून गाडी देता का?” त्याने निळी पडलेली तबकडी आमच्यापुढे धरली आणि किल्ली खिशात टाकली. परका माणूस लुबाडतो आहे, असे आमच्या मनात आले, हे कबूल करतो. आम्ही लेखी अंदाजपत्रक मागितले. त्याने मुकाट्याने दिले. गुरुवारी बिल आले ते त्या आकड्याच्या आतच, आणि काढलेले जुने भाग न मागताच एका खोक्यात घालून दिलेले. आमची मान खाली गेली.

जाताना त्याने जावयांना एकच प्रश्न विचारला, “तेल शेवटचे कधी बदलले?” दर दोन वर्षांनी बदलावे असा सर्वसाधारण नियम. जावई म्हणाले, “गाडी वर्षातून चारच आठवडे चालते हो!” मिस्त्री हसला. चाक फिरत नाही म्हणून गाडी झिजत नाही, असे आपण समजतो. पण उभ्या गाडीचे टायर कडक होतात, बॅटरी मरते आणि तेलात पाणी मुरत राहते.

व्हेनिस राहिले. शुक्रवारी संध्याकाळी सुखरूप म्युनिकला पोचलो. आपल्यापैकी कोणी असल्या प्रवासाला निघाल तर चॅसीचा क्रमांक टिपून ठेवा, दुरुस्तीपूर्वी अंदाज लेखी घ्या आणि उतारावर गिअर खालचा ठेवा. आणखी एक. गाडीतले कोणी “मी बसत नाही” म्हणाले, तर वाद घालू नका. अवघड जागी जावयाला बोलायचे कसे म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. ती भीड सहाजणांना महागात पडली असती.