आलेला पाहुणा, आणलेला पाहुणा



थंडी पडली की आपल्या गोदावरीला पाहुणे येतात. शहागडच्या वरच्या अंगाला, पैठणच्या नाथसागरावर पट्टकादंब उतरतात. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून आलेले हे हंसांचे भाऊबंद उन्हाळ्याआधी परत जातात. त्यांना कोणी आणलेले नाही. येण्याची वेळ त्यांची, जाण्याचीही त्यांचीच.

माणसाने आणलेल्या पाहुण्याची गोष्ट वेगळी असते. मूक हंसाचेच पाहा ना! पांढराशुभ्र, नारिंगी चोचीचा, डौलदार मानेचा. चित्रातला राजहंस तो हाच. मूळचा युरोप-आशियातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळ्यांची शोभा म्हणून त्याला अमेरिकेत नेले. तिथल्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी १९६२ साली पाच पाळीव हंस सुटले. १९९९ पर्यंत त्यांचे सुमारे ४ हजार झाले!

हा पक्षी दिवसाला साडेतीन किलोपर्यंत पाणवनस्पती खातो, तीही मुळासकट उपटून. त्याच वनस्पतींत माशांची पिले आणि खेकडे वाढतात, हिवाळी बदके त्यांवर जगतात. हंसांच्या थव्यांनी तिथल्या सुरय पक्ष्यांची घरटी तुडवली. मग सरकारने अंड्यांना तेल लावून ती उबू न देण्याचा मार्ग धरला, मोठे पक्षी मारण्याचेही ठरवले. लोक न्यायालयात गेले. इतका देखणा पक्षी मारायचा? अखेर २००४ मध्ये कायदा बदलून परदेशातून आणलेल्या पक्ष्यांचे संरक्षण काढावे लागले. यात हंसाचा दोष काय? तो हंसासारखाच वागला. आणणाऱ्याची हौस त्याच्या जिवावर बेतली.

तुम्ही म्हणाल, गोदावरीत कुठे आहेत हे हंस? नाहीत. पण आणलेले पाहुणे आहेत. चिलापी मासा आपण रोज बाजारात पाहतो. तो मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा पिले होतात; मग देशी मासे मागे पडतात. चिलापीवर अनेक मच्छीमारांची चूल पेटते, हेही खरे. म्हणूनच त्याला आता नुसते 'जा' म्हणून भागत नाही. जलपर्णीही अशीच, जांभळ्या फुलांच्या मोहाने दक्षिण अमेरिकेतून आणलेली. आज तिने पाणी झाकले की खालचा उजेड आणि प्राणवायू दोन्ही आटतात.

आपल्या जिल्ह्यात शेततळी झाली, त्यांत मत्स्यबीज सोडले जाते. आफ्रिकन मांगूर या खादाड माशाच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की त्यातला मासा ओढ्यात आणि ओढ्यातून गोदेत जातो. तिथून त्याला परत बोलावता येत नाही.

तेव्हा मत्स्यबीज घेताना जात विचारून घ्या. काचेच्या टाकीतले मासे नकोसे झाले, तर 'देवाचे जीव' म्हणून नदीत सोडू नका. ज्याला पाळायचे असतील त्याला द्या. बागेतली जलपर्णी ओढ्यात फेकू नका. भूतदया चांगलीच, पण नदीत आधीपासून राहणाऱ्या जिवांवरही ती करायला हवी.