खुर्ची कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या त्या नक्षीच्या खुर्चीबद्दलच बोला," म्हणून उभी राहिले. पण या खुर्चीची हकीकत सांगायची तर फ्रान्सच्या राजवाड्यापर्यंत जावे लागते. माझी मुलगी कलाशाळेत घरसजावटीचे शिक्षण घेते. तिने पुस्तकांतून मला वाचून दाखवले ते आणि आमच्या घरात घडले ते, एवढेच सांगणार आहे.

आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, फोर्टात एका फर्निचरच्या दुकानात पॉलिशचे काम करीत. जुन्या बंगल्यातून आलेली, एक हात मोडलेली शिसवी खुर्ची मालकांनी त्यांना देऊन टाकली. अण्णांनी तिला नवा हात बसवला आणि ती वांद्र्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणली. पाठीवर वेलबुट्टी, माथ्यावर शिंपला, पाय जनावराच्या पायासारखे बाक दिलेले. तिच्यावर अण्णा बसत, नाहीतर मोठा पाहुणा. सासूबाईंनी चाळीस वर्षे ती रोज पुसली, पण तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत.

ही नक्षी मूळची फ्रान्सची. तिला रोकोको म्हणतात. बागेतल्या कृत्रिम गुहांना शिंपले आणि खडे लावून सजवीत, त्या कामाच्या फ्रेंच नावावरून हा शब्द निघाला. फ्रान्सचा चौदावा लुई 1682 साली आपला दरबार व्हर्सायच्या राजवाड्यात घेऊन गेला. तिथे सगळे भव्य, आणि बसण्यालाही कडक कायदा. हातांची खुर्ची राजाराणीची. ड्यूक म्हणजे मोठे सरदार. त्यांच्या बायकांना राणीसमोर बसायची परवानगी होती, पण ती बिनपाठीच्या स्टुलावर! बाकीच्यांनी उभे राहायचे. आणि त्या स्टुलासाठीसुद्धा बायकांत केवढा हेवादावा चाले.

1715 साली हा राजा वारला. गादीवर त्याचा पणतू पंधरावा लुई आला, तो अवघा पाच वर्षांचा. दरबार पॅरिसला हलला आणि 1722 पर्यंत तिकडेच राहिला. सरदारांनी शहरात घरे थाटली. राजवाड्यापेक्षा खोल्या लहान, म्हणून फर्निचरही हलके झाले. बायका आपल्या दिवाणखान्यात गप्पांना, वाचनाला माणसे बोलावू लागल्या. मग सुतारांनी पाठीला बाक दिला, बैठकीत गादी भरली, आणि बायकांचे घेरदार झगे मावावेत म्हणून खुर्चीचे हात थोडे मागे घेतले. आपण फक्त नक्षी पाहतो, पण त्या वळणांच्या आत बसणाऱ्याच्या अंगाचा विचार आहे. आधी खुर्ची मानासाठी होती, आता ती आरामासाठीही झाली.

याच पंधराव्या लुईसाठी एक लिहिण्याचे मेज बनत होते. ओबेन नावाच्या कारागिराने ते 1760 साली सुरू केले आणि 1763 साली तो वारला. कारखाना बंद पडला नाही. त्याच्या विधवेने तो चालू ठेवला. कारखान्यातल्या रीझेनेर नावाच्या कारागिराने 1769 साली ते मेज पुरे केले. पुढे नाव त्याचे झाले. त्या बाईने मधली वर्षे सांभाळली नसती तर काय झाले असते, हा विचार मला सुटत नाही.

या थाटाचा शेवटही बायकांनीच पाहिला. 5 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसच्या हजारो बायका भाकरी मागत पावसातून व्हर्सायला चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सोळाव्या लुईला आणि राणीला पॅरिसला घेऊन आल्या. 1793 साली दोघांचाही शिरच्छेद झाला. त्याच वर्षी राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव सुरू झाला तो वर्षभर चालला. सतरा हजारांहून जास्त लॉट लिलावात निघाले. घरोघर चूल पेटत नसेल तर सोनेरी खुर्च्या राहत नाहीत, हे आपण समजून घ्यावे.

मग ही नक्षी मुंबईला कशी आली? एकोणिसाव्या शतकात युरोपात ती पुन्हा आवडू लागली. त्या वेळी फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्तर रोडवर, फर्निचरवाल्यांची दुकाने होती. इंग्रज आणि पारशी घरांसाठी तिथे शिसवीचे कोच, खुर्च्या, गोल मेजे तयार होत. घडण विलायती, पण पाने, फुले, पक्षी आपल्या कारागिरांच्या हातचे. जाणकार या सामानाला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणतात. अण्णा त्याला लावीत ते फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण चपडी लाख आपल्याच रानातली! ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने घासायची, वाळली की पुन्हा घासायची. अण्णांची बोटे कायम तपकिरी असत.

आता घरचे सांगते. अण्णा गेल्यावर खुर्ची रिकामीच राहिली. सासूबाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली, तेव्हा मी बाजारातून प्लॅस्टिकचे स्टूल आणून स्वयंपाकघरात ठेवले. मोठी सेवा केली असे मला वाटले. तीन वर्षे त्या बिनपाठीच्या स्टुलावर बसून भाजी निवडीत होत्या, आणि बाहेर खुर्ची मोकळी होती.

ज्या दिवशी मुलीने मला त्या सरदारांच्या बायकांच्या स्टुलाचे वाचून दाखवले, त्या दिवशी माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. मला फार लाज वाटली. फ्रान्सच्या राणीला नावे ठेवणारी मी कोण? उठले, सासूबाईंचा हात धरला आणि म्हटले, "आई, आजपासून इथे बसा."

"अगं, ती यांची खुर्ची."

"अण्णांनी तिला हात बसवला तो कोणीतरी टेकावे म्हणूनच ना?"

त्या आधी कडेवर बसल्या, पाहुणीसारख्या. मग हळूहळू मागे सरकल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाठ टेकली गं." एवढेच. पुढे चौदा महिने त्या खुर्चीत बसून त्यांनी मेथी निवडली, नातीला गोष्टी सांगितल्या आणि मला यथेच्छ बोलल्याही. गेल्या श्रावणात त्या गेल्या.

आता आमची इमारत पाडून नवी होणार आहे. आमचे हे म्हणाले, "एवढी जड खुर्ची कशाला न्यायची? व्यापारी अठरा हजार द्यायला तयार आहे." पैशाची गरज आहे, नाही असे नाही. पण मी नको म्हटले. दुपारी कामे आवरली की मी तिच्यावर बसते. आधी अवघडल्यासारखे व्हायचे, आता होत नाही.

भगिनींनो, शिसवीची खुर्ची प्रत्येकीकडे नसेल, आणि तिची गरजही नाही. पण घरात जी बाई सर्वांत जास्त उभी राहते, तिला पाठ टेकायला एक जागा असावी. आपल्या हळदीकुंकवाला पाहुण्याबाईंसाठी खुर्च्या मांडतो आणि म्हाताऱ्या सभासद सतरंजीवर गुडघे धरून बसतात. पुढच्या वेळी पहिली खुर्ची त्यांच्यासाठी मांडू या.