वादळाला पाचवी श्रेणी कोण देतो?

(संस्थेच्या विज्ञान व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



निकालाच्या दिवशी घराघरांत एक वाक्य ऐकू येते: "मुलाला येत होते सगळे, पण पेपरात लिहिले नाही." परीक्षक मात्र उत्तरपत्रिकेत जे असेल त्यालाच गुण देतो. आज मी तुम्हांला अशाच एका परीक्षेची हकीकत सांगणार आहे. तिच्यात परीक्षेला बसते ते वादळ, आणि उत्तरपत्रिका म्हणजे त्याने मोडलेली घरे.

३ जून २०२० रोजी कोकणावर आलेले 'निसर्ग' चक्रीवादळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरांचा असतो. टॉर्नेडो ही निराळी चीज. ढगापासून जमिनीपर्यंत टेकलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब. रुंदी बहुधा काहीशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे. त्याच्या वाटेत वेगमापक यंत्र क्वचितच असते आणि असले तरी ते टिकत नाही. मग वाऱ्याचा वेग मोडतोडीवरून ताडावा लागतो.

ही पद्धत बसवली तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने. १९४५ साली ते क्यूशू बेटावरील एका तांत्रिक महाविद्यालयात शिकवत होते. अणुबाँब पडल्यानंतर त्यांनी नागासाकी आणि हिरोशिमा येथे जाऊन पाहणी केली आणि पडलेल्या झाडांवरून, जळाल्याच्या खुणांवरून स्फोटाची जागा शोधली. पुढे शिकागो विद्यापीठात असताना हीच नजर त्यांनी टॉर्नेडोकडे वळवली आणि १९७१ साली शून्य ते पाच अशी श्रेणी मांडली.

फुजितांनी पाचव्या श्रेणीचा वारा ताशी २६१ मैलांपासून पुढे धरला होता. परंतु घरे त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यातही उखडतात असे अभियंत्यांना आढळले. म्हणून टेक्सास टेक विद्यापीठात ही श्रेणी सुधारण्यात आली आणि १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत लागू झाली. तिच्यात घर, शाळा, झाड, विजेचा खांब असे २८ प्रकार आहेत. पाचवी श्रेणी मिळते ती ताशी २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरांच्या वर.

आता गंमत पाहा. चांगले बांधलेले घर जोत्यापर्यंत साफ उडून गेले, तर सर्वसाधारणपणे वेग धरतात ताशी २०० मैल. म्हणजे चौथ्या श्रेणीची अगदी शेवटची पायरी! पाचवी द्यायची तर घर नेहमीपेक्षा मजबूत होते हे दाखवावे लागते.

म्हणून पाहणी करणारा माणूस उघड्या पडलेल्या जोत्यावर वाकून बघतो. भिंतीचे लाकूड बोल्टांनी जखडले होते की नुसत्या खिळ्यांनी? बोल्टांना नट आणि वॉशर होते काय? उडत आलेली मोटार आदळून तर घर पडले नाही? अंगणातली झुडपे अजून उभी असतील तर त्याला शंका येते: झुडूप राहिले आणि घर गेले, हे कसे? उलट झाडांची साल सोलली गेली असेल, गवत मातीसकट खरवडले गेले असेल, तर पुरावा भक्कम होतो.

२७ एप्रिल २०१४ रोजी आर्कान्सा राज्यातील विलोनिया गावात घरांच्या जागी नुसती जोती उरली. तरीही श्रेणी चौथीच मिळाली, कारण घरे जोत्याला हवी तशी जखडलेली नव्हती. यावर पुष्कळ वाद झाला. त्याआधी ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे फिरत्या रडारने ताशी ३०० मैलांच्या जवळपास वेग नोंदवला होता. पाचवी श्रेणी जाहीर झाली, पण नंतर ती तिसरीवर आणली. टॉर्नेडो बहुतांशी मोकळ्या रानातून गेला होता. त्या वेगाची साक्ष देणारी मोडतोडच नव्हती. याच टॉर्नेडोत टिम सामारास हे संशोधक, त्यांचा मुलगा आणि सहकारी मरण पावले.

२० मे २०१३ च्या मूर शहरातील टॉर्नेडोनंतर बारा वर्षे पाचवी श्रेणी कोणालाच मिळाली नाही. मग २० जून २०२५ रोजी नॉर्थ डकोटातील एंडरलिन येथे वाऱ्याने मालगाडी रुळांवरून उलथवली आणि एक रिकामा टँकर-डबा सुमारे १४५ मीटर दूर फेकला. रेल्वेचा डबा त्या २८ प्रकारांत बसत नाही. वजन आणि अंतर घेऊन शास्त्रज्ञांनी हिशेब केला. निकाल ऑक्टोबरमध्ये लागला: पाचवी श्रेणी.

पण श्रेणी म्हणजे दुःखाचे माप नव्हे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात टॉर्नेडोने सुमारे १३०० माणसे नेली. कुडाची आणि पत्र्याची घरे थोड्या वाऱ्यातही मोडतात. त्यांच्यावरून सर्वोच्च वेग सिद्ध करता येत नाही. तेथील माणसांचे नुकसान त्यामुळे कमी ठरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, चौथी श्रेणी देणारा "वारा पाचव्या श्रेणीचा नव्हता" असे म्हणत नाही. "तो सिद्ध झाला नाही" एवढेच म्हणतो. घर किंवा शाळा किती वाऱ्याला टिकावी हे ठरवताना अभियंते याच नोंदी पाहतात. म्हणून हळहळ वाटली तरी त्याला गुण वाढवता येत नाहीत.

आणि पालकांनो, छपराचे पत्रे बदलाल तेव्हा पत्र्याच्या जाडीबरोबर एवढेही मिस्त्रीला विचारा: छप्पर भिंतीला कशाने जखडणार? वारा ते नंतर पाहणारच आहे. आपण आधी पाहिलेले बरे.