डोळ्यांच्या उंचीवर



मुंबईत काय केलं ते सांग, असा संयोजकांचा आग्रह आहे. आमच्या आईनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "म्हणजे मुंबईले जाऊन खियेच ठोकतं ना रे तू?" ते खरंच होतं.

१९९६ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. जागा सर कावसजी जहांगीर हॉलची. १९११ सालची ती इमारत पूर्वी सभा आणि मैफलींसाठी प्रसिद्ध होती. आतून ती पार बदलून अर्धगोल दालनं आणि जिने केले होते. चित्रं लावणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी कामाला होतो, म्हणून त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे माझं जाणं-येणं झालं.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पेटी आली की लगेच उघडायची नाही, चित्राला तिथली हवा सोसू द्यायची. हातमोजे घालायचे. कॅनव्हासला मागूनही बोट लावायचं नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणायचा. मग लेव्हल लावून पाहायची. गोलाकार भिंतीवर सपाट चौकट बसवताना तर घाम फुटायचा.

एकदा वासुदेव गायतोंडे यांचं चित्र चढवायचं होतं. त्यात ना माणूस, ना झाड. नुसता रंग, आतून उजेड यावा तसा. सोबतचा पोरगा म्हणाला, "यात आहे काय?" मलाही सांगता येईना. पण गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरात जन्मले, हे मला ठाऊक होतं. आपल्या चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरीच्या तयारीच्या वेळी ते सांगितलं होतं. मासिकातलं कापून ठेवलेलं एक चित्रही दाखवलं होतं, काळं-पांढरं. रंग कोणता असेल, याचा सर नुसता अंदाज करायचे.

त्या दिवशी काम संपल्यावर मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो. सरांना इथे आणायचं, असं ठरवलं. पत्र लिहिलं, सरांचं उत्तरही आलं, "दिवाळीनंतर येतो." पण दिवाळीनंतर माझीच कामं निघाली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत तीन वर्षं गेली. मग सर गेल्याची बातमी आली. वर्धेहून मुंबई एका रात्रीची गाडी आहे, मित्रांनो. तिकीट काढून पाठवणं मला जड नव्हतं.

हे आज तुमच्यासमोर बोलतोय, कारण सकाळी शाळेत फिरताना मुलांची चित्रं पाहिली. ती कार्यालयाच्या कपाटावर गठ्ठ्यात बांधून ठेवली आहेत. बॅचतर्फे शाळेला भेट द्यायची आहेच, तर माझी विनंती आहे की वऱ्हांड्याची एक भिंत चित्रांसाठी द्या. खर्च फार नाही. चौकटी मी करून देतो, लेव्हल पिशवीत घेऊनच आलो आहे.

फक्त एक सांगतो. इथे पाच फुटांचा नियम चालायचा नाही. पाचवीतलं पोरगं उभं राहील तिथे त्याच्या डोळ्यांची उंची मोजू आणि मगच खिळा ठोकू.

उद्या सकाळी आठ वाजता मी वऱ्हांड्यात आहे. टेप धरायला कोणीतरी या.