शाळेवर मुखत्यार, मुलें वाऱ्यावर
(पालकांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांला दूरदेशची एक गोष्ट सांगणार आहोंत. तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेचें छप्पर गळतें, मास्तर जागेवर नाहीं, आणि हे अमेरिकेच्या गोष्टी काय सांगतात! परंतु शेजारच्या शिवारांत टोळधाड आली, तर शहाणा शेतकरी तेथें जाऊन पाहतो, ती कोठून आली व काय खाऊन गेली. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली, ती निग्रो गुलामांना मोकळें करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. ज्या गुलामांच्या सुटकेचा जोतीरावांना आनंद झाला, त्यांच्याच वंशजांच्या शाळांची ही हकीकत आहे. ती आम्हांला परकी कशी वाटावी?

मिशिगन राज्यांत डेट्रॉइट नांवाचें शहर आहे. मोटारी बनवणारें शहर म्हणून त्याची कीर्ति. 1950 सालीं तेथें साडेअठरा लाख माणसें राहात होतीं. 2010 सालीं सात लाखांच्या थोडींशीं वर उरलीं. कारखाने हलले, गोरे लोक आसपासच्या उपनगरांत गेले, आणि मागें बहुतेक काळे कामकरी राहिले. शहराच्या व उपनगरांच्या शाळा मिळून मुलांची सरमिसळ करावी, असा दावा कोर्टांत गेला होता. 1974 सालीं वरिष्ठ कोर्टानें सांगितलें कीं, उपनगरांनीं स्वतः भेदभाव केल्याचें सिद्ध झालें नाहीं, म्हणून त्यांना यांत ओढतां येणार नाहीं. झालें! कुंपणापलीकडे पैसा, कुंपणाअलीकडे गरिबी.

आतां पैशाची तऱ्हा ऐका, कारण सगळी मेख तेथेंच आहे. 1994 सालीं मिशिगननें शाळांचा रोजचा खर्च घरपट्टीवरून बराचसा काढून राज्याच्या तिजोरीवर घातला, व पैसा मुलांच्या डोक्यावर वांटला. जितकीं मुलें तितका पैसा. ऐकायला सरळ आहे. परंतु वर्गांत तीस मुलें होतीं, त्यांतलीं पांच गेलीं, तर मास्तर एकच लागतो, छप्परही तेंच, थंडींत कोळसाही तितकाच. पांच मुलांचा पैसा मात्र निघून जातो. त्यांतच सरकारच्या पैशावर चालणाऱ्या परंतु शहराच्या शाळामंडळाखालीं नसणाऱ्या नव्या शाळा निघाल्या, व शेजारच्या गांवच्या शाळेंत नांव घालण्याची मुभा झाली. आटत्या विहिरीवर आणखी मोटा लागल्या, म्हणजे काय होणार?

शहराचें शाळामंडळ लोकांनीं निवडलेलें होतें. तें सोन्याचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. भांडणें होतीं, ढिलाई होती, वशिला होता. तरी 1999 सालीं मंडळाच्या खात्यावर सुमारें 9 कोटी 30 लाख डॉलर शिल्लक होते. लोकांनीं 1994 सालीं इमारतींसाठीं 150 कोटी डॉलरांचें कर्ज काढायला मत दिलें होतें, त्यांतलाही मोठा भाग खर्च व्हायचा होता. अशा वेळीं गव्हर्नर जॉन एंग्लर व त्यांच्या विधिमंडळानें कायदा करून निवडलेलें मंडळ बाजूला सारलें. त्या जागीं सात जणांचें नेमलेलें मंडळ आलें; सहा महापौरानें नेमलेले, एक राज्याचा. कारण सांगितलें, मुलांचें नुकसान होतें आहे.

मुलांचें नुकसान थांबलें असतें, तर आज आम्ही या मुखत्यारांच्या नांवानें नारळ फोडला असता. पण झालें काय? शिल्लक संपली, तूट उभी राहिली, मुलें गळत राहिलीं. लोकांनीं मत देऊन मंडळ परत मागितलें, व 2006 सालीं निवडलेले सभासद पुन्हां बसले. त्यांच्या पदरांत भरलेली कणगी आली नाहीं. रिकामी कणगी व वाण्याची वही आली. त्यांचा कारभारही नीट बसला नाहीं. तीन वर्षें होत नाहींत तोंच, 2009 सालीं, गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनीं रॉबर्ट बॉब या गृहस्थास पैशाचा मुखत्यार नेमलें. एंग्लर एका पक्षाचे, ग्रॅनहोमबाई दुसऱ्या पक्षाच्या. पक्ष बदलला, मुखत्यारी तशीच राहिली! त्याच साली देशभर घेतात त्या गणिताच्या परीक्षेंत डेट्रॉइटच्या मुलांना त्या परीक्षेच्या इतिहासांतले सर्वांत कमी गुण पडले.

एकामागून एक मुखत्यार आले. डझनावारी शाळांना कुलपें लागलीं. शाळा बंद झाली कीं मुलें दुसरीकडे गेलीं, मुलें गेलीं कीं पैसा गेला, पैसा गेला कीं पुढची शाळा बंद! 1999 सालीं पावणेदोन लाखांच्या आसपास असलेलीं मुलें 2016 सालीं पन्नास हजारांच्या आंत आलीं, व शाळा शंभराच्या आंत.

याला एकटे मुखत्यारच जबाबदार होते काय? नाहीं. शहरच रिकामें होत होतें. तेथें देव बसवला असता तरी मुलें कमीच झालीं असतीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुखणें होतें गरिबीचें व आटत्या पैशाचें, आणि औषध दिलें लोकांचें मत काढून घेण्याचें. बैलाला चारा नाहीं म्हणून गुराखी बदलला, तर बैल कसा उभा राहील?

2011 सालीं गव्हर्नर रिक स्नायडर यांच्या राजवटींत मुखत्याराला आणखी दांत फुटले. नोकरांशीं झालेले करारही त्याला मोडतां येऊं लागले. लोकांनीं सह्या गोळा केल्या, आणि नोव्हेंबर 2012 मध्यें साऱ्या राज्याच्या मतदानांत तो कायदा फेटाळला. लोकांनीं घरीं जाऊन सुखानें भाकरी खाल्ली असेल. पण पुढच्याच महिन्यांत विधिमंडळानें तसाच नवा कायदा केला! त्यांत मुद्दाम थोड्या पैशाची तरतूद घातली, कारण पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर मिशिगनच्या लोकांना असें मत घेतां येत नाहीं. ही कारकुनी पाहून आमच्या जुन्या कुळकर्ण्यानेंही तोंडांत बोट घातलें असतें. 2013 सालीं खुद्द शहरावरही मुखत्यार बसला, तेव्हां राज्यांतले जवळजवळ निम्मे काळे लोक असल्या मुखत्यारांच्या अंमलाखालीं होते.

जानेवारी 2016 मध्यें मास्तरांचा धीर सुटला. ते आजारपणाची रजा टाकून घरीं बसले, आणि एका दिवशीं 88 शाळा बंद पडल्या. त्यांनीं काढलेले फोटो जगानें पाहिले: भिंतींना बुरशी, उंदीर, फुगून उखडलेली जमीन. त्या वेळचे मुखत्यार डार्नेल अर्ली हे आधीं फ्लिंट शहराचे मुखत्यार होते. त्यांच्याच कारकीर्दींत, 2014 सालीं, फ्लिंटच्या लोकांना नदीचें पाणी देण्यांत आलें व घरोघरच्या नळांत शिसें उतरलें. मे महिन्यांत नव्या मुखत्यारानें सांगितलें कीं, 30 जूननंतर पगाराला पैसा नाहीं. मास्तर पुन्हां घरीं बसले, 94 शाळा पुन्हां बंद. मास्तरांनीं शाळा बंद ठेवावी, हें आम्हांला गोड वाटत नाहीं. मूल वर्गांतच असावें. पण केलेल्या कामाची मजुरी बुडते म्हटल्यावर तुम्ही तरी रानांत जाल काय?

शेवटीं जून 2016 मध्यें राज्याला 61 कोटी 70 लाख डॉलर काढून द्यावे लागले. जुनें मंडळ केवळ कर्ज फेडण्यापुरतें ठेवलें, मुलांसाठीं नवें मंडळ केलें, आणि जानेवारी 2017 मध्यें लोकांनीं निवडलेले सात सभासद बसले. नव्या मंडळाच्या पैशावर राज्याच्या समितीची नजर होती. पण मास्तर कोण, पुस्तक कोणतें, हें मंडळच ठरवी. सारें लगेच सुधारलें असें नाहीं. 2018 सालीं पाणी तपासलें तों त्यांत शिसें व तांबें निघालें, म्हणून सगळ्या शाळांचें पिण्याचें पाणी बंद करावें लागलें. परंतु तें तपासून उघडपणें सांगितलें, हेंही लक्षांत ठेवा.

मुलेंही कोर्टांत गेलीं. 2016 सालीं सात विद्यार्थ्यांनीं राज्यावर दावा लावला: आम्हांला शाळेंत बसवलें, पण वाचायला शिकवलें नाहीं. मुखत्यारी तुमची, तर जबाब तुम्ही द्या. एप्रिल 2020 मध्यें तीन न्यायाधीशांपैकीं दोघांनीं मानलें कीं, वाचतां येण्याइतकें शिक्षण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. पुढें पुरें कोर्ट तो खटला पुन्हां ऐकणार म्हणून तो निकाल रद्द ठरला. पण तोंवर राज्यानें तडजोड केली होती. वाचन शिकवण्यासाठीं ठरलेले 9 कोटी 44 लाख डॉलर विधिमंडळानें 2023 सालीं मंजूर केले. दावा लावला तेव्हां पहिलींत असलेलें मूल तोंवर मिसरूड फुटायच्या वयाला आलें होतें. तिजोरीचा पैसा उशिरां येतो. मुलाचें वय कोणासाठीं थांबत नाहीं.

तर मग सरकारनें शाळांवर नजरच ठेवूं नये काय? तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. गांवचा पुढारी शाळेचा पैसा खातो, जातीचा गट मास्तर नेमतो, गरिबाच्या पोराला मागें बसवतो. अशा वेळीं वरून विचारणारा हवाच. परंतु तपासणी वेगळी व ताबा वेगळा. अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर कोर्ट पालक नेमतें, तेव्हां त्याला मुदत असते, आणि मुलगा सज्ञान होतांच पै पैचा हिशेब द्यावा लागतो. इस्टेट कर्जांत बुडवून पालक चालता झाला, तर त्याच्याकडून भरून घेतात. शाळेच्या मुखत्याराला हा नियम कां नसावा?

म्हणून कोणी तुमच्या शाळेचा कारभार हातांत घेऊं म्हणाला, तर त्याला चार गोष्टी विचारा. कोणतें दुखणें बरें करायला येतां? केव्हां परत जाणार? येतांना पैसा आणतां, कीं नुसता हुकूम? आणि हिशेब कोणाला देणार, वरच्या साहेबाला कीं आम्हांला? चारही उत्तरें कागदावर मिळालीं, तर त्याला बसायला घोंगडी टाका. न मिळालीं, तर उभ्याउभ्याच बोला.

आणि बंधूंनो, दुसऱ्यांना विचारण्याआधीं स्वतःला विचारा. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आपल्या सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तींत चार सभासदांमागें निदान तीन मुलांचे आईबाप हवेत, व निम्म्या स्त्रिया हव्यात. तुमच्यापैकीं कितीजण त्या सभेला गेलांत? कितीजणींनीं सहीच्या आधीं कागद वाचून घेतला? डेट्रॉइटच्या लोकांनीं आपलें मंडळ परत मिळवण्याकरितां सतरा वर्षें घालवलीं. आम्हांला तें घरबसल्या मिळालें आहे, आणि आम्ही सभेच्या दिवशीं बाजाराला जातों.

पुढची सभा केव्हां आहे, हें घरीं जातां जातां शाळेच्या दारावर वाचून जा. ज्याला वाचतां येत नसेल, त्यानें आपल्या मुलीकडून वाचून घ्यावें. तिला तें वाचतां आलें नाहीं, तर त्या सभेंत काय विचारायचें, हें तुम्हांला कोणी सांगायला नको.