उघडे तोंड, बंद नाक



मी मराठीचा अध्यापक. वैद्यकाशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही आजचा विषय निवडला, तो एका जुन्या चुकीचे परिमार्जन म्हणून. उमेदीच्या काळात मी एका शाळेत शिकवीत असे. पहिल्या बाकावरचा एक मुलगा सदैव तोंड उघडे ठेवून बसे. ‘आ वासून काय बघतोस?’ असे मी त्याला वर्गादेखत म्हणे. आपल्या भाषेत वासलेले तोंड म्हणजे अचंबा, नाहीतर मंदपणा. त्याचे नाक बंद असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

नाक चोंदले की श्वासासाठी तोंड उघडावेच लागते. खालचा जबडा उतरतो, टाळूला टेकणारी जीभ खाली येते आणि श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून डोके किंचित मागे झुकते. वरच्या दंतपंक्तीवर बाहेरून गालांचा दाब, तर आतून जिभेचा आधार असतो. वाढत्या वयात हा आधार दीर्घकाळ सुटला, तर वरची कमान अरुंद, टाळू उंच आणि चेहरा लांबट होऊ शकतो. अमेरिकेतील एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून हे पडताळले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, प्रत्येक माकडाने तोंडाने श्वास घेण्याची आपापली तऱ्हा शोधली आणि जबड्याची ठेवण तीनुसार बदलली. अर्थात प्रत्येक लांबट चेहऱ्याचा दोष नाकाकडे जात नाही. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतोच.

कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ साली नाकामागे वाढणाऱ्या ग्रंथींचा विकार जगापुढे मांडला. आज त्यांना आपण अॅडिनॉइड म्हणतो. त्या वाढल्या की नाक तर कोंडतेच, शिवाय कानाकडे जाणारी नळी दबून ऐकूही कमी येते. म्हणजे ज्याला आपण मंद ठरवितो, त्याच्यापर्यंत कदाचित आपले शब्दच पोचत नसतात!

आपल्या बालविभागात एखादे मूल तोंड उघडे ठेवून वाचताना दिसले, झोपेत घोरते असे कळले, तर त्याला दटावू नका. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे अलीकडचे खूळही नको. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तो मुलगा आज कोठे असेल, ठाऊक नाही. भेटला, तर मला त्याची क्षमा मागावयाची आहे.